इंग्रजीचे बूट

माझ्या बायकोचं म्हणणं असं, की मला इंग्रजी येत नाही. हे खरं नाही. मला इंग्रजी येते, फक्त त्यासाठी पायात बूट लागतात.

परवा लेकीच्या ऑफिसातल्या एक परदेशी बाई आमच्याकडं जेवायला आल्या. दारात चपला काढून, हात जोडून त्यांनी मला काहीतरी विचारलं. मी "एकच मिनिट हं" असं मराठीत सांगितलं आणि पलंगाखाली शिरलो. बाहेर आलो तेव्हा पायात लग्नाकार्याचे काळे बूट होते आणि जिभेवर एक बिनचूक वाक्य तयार होतं. पण तोवर बाई दुसरी पोळी मागत होत्या.

"पाहुणी चपला काढून आत आली," बायको नंतर म्हणाली, "आणि घरचा माणूस बूट घालून पाटावर बसला. लोक काय म्हणतील याची मला आता सवय झालीय, पण पाट कोण पुसणार?"

मी पाट पुसला. या सगळ्याचं मूळ माझ्यात नाहीच. ते आहे बेगमपुऱ्यातल्या आमच्या सरांकडं.

सर कुठल्या शाळेत सर नव्हते. आयुष्यभर कचेरीत कारकुनी केली आणि संध्याकाळी घरच्या अंगणात इंग्रजीचा क्लास घेतला. औरंगाबाद तेव्हा औरंगाबादच होतं, आणि आमच्यासारख्या खेड्यातून शहरात आलेल्या घरांमध्ये इंग्रजी ही मुलींच्या लग्नाइतकीच मोठी काळजी होती. सरांचं स्वतःचं शिक्षण निजामाच्या काळातलं, म्हणजे सगळं उर्दूतून. भूगोल उर्दूत, गणित उर्दूत, छडीसुद्धा उर्दूत. मग पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. कचेरीतली उर्दू जायला निघाली, मराठी अजून वाटेत होती, आणि मधल्या काळात रिकाम्या खुर्चीवर इंग्रजी येऊन बसली. सर सांगायचे, "मियाँ, आम्ही तीन भाषांच्या मधल्या फटीत पडलो. तिथून वर आलो ते बूट घालूनच."

सरांच्या हिशेबात प्रत्येक भाषेचा पोशाख ठरलेला होता. उर्दूला टोपी. जुना दोस्त दारात दिसला की सर आधी खुंटीवरची काळी टोपी डोक्यावर ठेवत आणि मग "आइए, तशरीफ लाइए" म्हणत. मराठीला काहीच लागत नसे. "मराठी घरची आहे. बनियनवर बोललं तरी रागवत नाही." इंग्रजीला मात्र बूट. अनवाणी माणसाची इंग्रजी ते ऐकूनच घेत नसत. एकदा त्यांचे दोस्त गप्पा मारत बसले होते आणि नेमकी तेव्हाच मला एक अडचण आली. सरांनी टोपी काढून बूट घातले, मला अर्धं समजावलं, बूट काढून टोपी घातली, दोस्ताला अर्धं उत्तर दिलं. असं दोन-चारदा झाल्यावर डोक्यावर टोपी, पायात बूट अशा अवस्थेत ते दोघांकडं बघून शुद्ध मराठीत म्हणाले, "आता चहा प्या आणि जा."

क्लासचे बूट वेगळे होते. अंगणाच्या कोपऱ्यात, लिंबाच्या झाडाखाली एका फळीवर ते मांडलेले असत. तपकिरी, जाड तळाचे, एक जरा गडद आणि एक जरा फिका. सरांचं सांगणं, की छावणीतला एक गोरा साहेब परत जाताना आठवण म्हणून देऊन गेला. कधी ते सांगत, पैजेत जिंकले. काकू, म्हणजे सरांच्या बायको, चुलीपुढून ओरडून सांगत, "काई नाय, शहागंजच्या जुन्या बाजारातून आणले. एक एकाकडून, दुसरा दुसऱ्याकडून." बुटांच्या मूळच्या लेस शेळीनं खाल्ल्या होत्या. त्या जागी काकूंच्या परकराची नाडी ओवलेली होती.

नियम असा होता. सरांनी प्रश्न विचारला, की उठायचं. फळीपाशी जायचं. बुटांत पाय घालायचे, खाली बसून दोन्ही लेस बांधायच्या, अंगणाच्या मधोमध यायचं आणि मग उत्तर द्यायचं. ज्याच्या पायात स्वतःचे बूट असतील त्यानंही ते सोडून पुन्हा बांधायचे. खेड्यातून आलेली बरीचशी पोरं अनवाणी किंवा चपलांवर असत. त्यांचे पाय त्या बुटांत विहिरीत पडल्यासारखे दिसत. एवढ्या वेळात सर आमच्याकडं पाठ करून लिंबाच्या झाडाकडं बघत उभे असत. पण नुसत्या आवाजावरून त्यांना सगळं कळे. घाईघाईत एकच लेस बांधून कुणी पुढं आला, की पाठमोरेच म्हणत, "बरखुरदार, डावा राहिला."

आणि खरोखर डावाच राहिलेला असे.

शेळीबद्दल सांगायला पाहिजे, कारण आमचं निम्मं व्याकरण तिच्यावरच झालं. ती लिंबापाशी खुंट्याला बांधलेली असे. "खुंटा म्हणजे सिन्स," सर सांगत. "जिथून सुरुवात झाली तो एक ठिकाणा. सिन्स मॉर्निंग, सिन्स मंडे, सिन्स द पोलीस अ‍ॅक्शन. आणि दोरी म्हणजे फॉर. किती लांब? फॉर टू अवर्स, फॉर टेन इयर्स. खुंटा दोरीला म्हणतो का, की मी दोन तास आहे? नाय ना? मग तुम्ही सिन्स टू अवर्स कशाला म्हणता, अहमकांनो?" आम्ही सगळे शेळीकडं बघत असू. शेळी दोरी खात असे. "बघा, फॉर कमी होत चाललाय," सर म्हणत.

चिकलठाण्याच्या बाजारात जी कुठलीही शेळी दिसेल ती 'अ गोट'. माझं पुस्तक खाणारी ही 'द गोट'. काकूसुद्धा तिला द-गोट अशीच हाक मारत. "ए द-गोटे, सोड तो पदर."

कुणी "मायसेल्फ अमुक अमुक" अशी सुरुवात केली की सर चौकशी करत, "हे मायसेल्फसाहेब कोण? त्यांना घरी पाठव आणि आयला बोलाव." आता 'आय'ला बोलाव म्हटल्यावर एक जण खरंच घरी जाऊन आईला घेऊन आला होता, आणि त्या माउलीला सरांनी चहा पाजून, पोरगा हुशार आहे असं सांगून परत धाडलं होतं. 'रिटर्न बॅक' म्हणणाऱ्याला फळीपर्यंत उलटं चालत जावं लागे, कारण रिटर्नमध्ये एकदा परत आलोच आहोत, बॅक म्हणून आणखी एकदा कुठं जायचं? त्या मोठ्या बुटांत उलटं चालताना मी बऱ्याचदा शेळीवर पडलो. घर कुणाचंही असलं तरी ते हाऊस. पण उशीर झाला की जिथं बोलणी बसतात ते होम.

सगळ्यांत जास्त सरांचा जीव सी, लुक आणि वॉच या तिघांवर होता. "डोळे उघडे असले की आपोआप दिसतं ते सी. त्यात तुमचं कर्तृत्व काय? लुकला मान वळवावी लागते, मनात आणावं लागतं. आणि वॉच म्हणजे चुलीवरचं दूध. बघत बसायचं, आता काय होतं, आता काय होतं..."

"तुमचं ते वॉच ऱ्हाऊ द्या," आतून काकूंचा आवाज आला. "तुमच्या बडबडीपायी दूध उतू गेलं."

सरांचा चेहरा उजळला. "ऐका. शी सॉ द मिल्क. बट शी डिड नॉट वॉच इट." त्या दिवशी आम्हाला चहा मिळाला नाही.

मी या क्लासला जात होतो, कारण बारावीच्या इंग्रजीनं मला दारातून परत पाठवलं होतं, आणि त्यात इंग्रजीचा काही दोष नव्हता. माझी थोरली ताई नुसती सोबत म्हणून येत असे. ती बीए झालेली. अण्णांना, म्हणजे आमच्या वडलांना, वाटायचं की मी एकटा गेलो तर वाटेत पाणचक्कीपाशी मासे बघत बसेन. हे त्यांचं बरोबर होतं. ताई लिंबाखाली स्वेटर विणत बसे आणि क्लास आपसूक तिच्या कानावर पडे. एके दिवशी सर्व जण चुकल्यावर सरांनी सहज विचारलं, "बाईसाहेब, तुम्ही?" ताईनं सुया बाजूला ठेवल्या, फळीपाशी गेली, पदर खोचून खाली बसली, दोन्ही लेस सावकाश बांधल्या आणि मधोमध येऊन असं काही उत्तर दिलं, की सर झाडाकडून वळले. ते वळणं आमच्या कुणाच्या नशिबात कधी आलं नव्हतं.

त्याच सुमारास ताईला वैजापूरचं स्थळ आलं. कांद्याची मोठी आडत, मार्केटात दुकान. मुलगा चांगला होता, हीच अडचण होती; नाही म्हणायला कारण सापडेना. ताईचं म्हणणं एवढंच, की आधी काहीतरी आपलं करू दे. आणि नेमकी एका टुरिस्ट कंपनीची जाहिरात आली, की अजिंठ्याला गाईड पाहिजेत, बाया असल्या तरी चालतील, इंग्रजी चांगली पाहिजे. परीक्षा लेण्यांतच होणार होती.

अण्णा जेवता जेवता म्हणाले, "दे परीक्षा. लागली नोकरी तर वैजापूरकरांना मी सांगतो, थांबा म्हणून. नाही लागली तर मग हो म्हणायचं. तोंड पाडून बसायचं नाही."

"नाही बसणार," ताई म्हणाली. आणि तिनं भाकरीचा तुकडा असा मोडला, की आईनं माझ्याकडं बघितलं.

त्या दिवसापासून सरांचं अंगण अजिंठा झालं. भिंतीवर काकूंचं देवादिकांचं कॅलेंडर टांगलं, ते चित्र. लिंबाचं खोड म्हणजे खांब. परदेशी पाहुणी म्हणून शेळी. ताई बूट बांधून शेळीला अदबीनं सगळं दाखवत फिरे. शेळी रवंथ करत ऐके. "चघळू दे," सर म्हणत. "ते लोकही चघळतात. आत्तापासून सवय पाहिजे." मी हेडलाइटसारखी बॅटरी धरून मागं मागं. ताईची इंग्रजी आता इतकी सावकाश आणि इतकी नेमकी झाली होती, की एकदा काकूसुद्धा चूल सोडून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मला काई कळलं नाय, पर समजलं."

परीक्षेच्या दिवशी एसटीनं आम्ही तिघं निघालो. ताईनं शाळेतले पांढरे कॅनव्हासचे बूट खडूनं रंगवून घातले होते. सरांनी त्यांचे स्वतःचे काळे बूट असे चमकवले होते, की कंडक्टरनं त्यांना साहेब म्हणून पुढची जागा दिली. फर्दापूर मागं पडलं, लेण्यांच्या पायऱ्या चढलो. वर कंपनीचे मुंबईचे साहेब होते आणि त्यांच्यासोबत एक गोऱ्या, उंच, मोठी टोपी घातलेल्या मॅडम. त्यांना लेणं दाखवायचं, हीच परीक्षा. उमेदवार चार-पाचच. त्यात एक टाय लावलेला मुलगा होता, त्याची इंग्रजी नळाला पाणी आल्यासारखी होती.

लेण्याच्या दारात पहारेकरी स्टुलावर बसला होता. त्याच्या बाजूला चपलांचा ढीग. तो म्हणाला, "बूट-चपला हितंच काढा. आत रंगकाम हाय."

आम्ही तिघंही त्या ढिगाकडं बघत राहिलो.

आता असं बघा. औरंगाबादेत जन्म गेलेली आम्ही माणसं. अजिंठ्याला बूट काढावे लागतात हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. शाळेच्या सहलीला सगळेच येऊन गेलो होतो. पण हे एक ज्ञान होतं आणि सरांचा क्लास हे दुसरं ज्ञान होतं, आणि दोघांची गाठ पडेल हे कुणाच्या मनातच आलं नाही. सगळ्या जिल्ह्यात अनवाणी इंग्रजी बोलायची एकच जागा, आणि महिनोन्‌महिने बूट बांधून आम्ही नेमके तिथंच आलो होतो.

सर पहारेकऱ्याजवळ गेले. "काही मार्ग नाही?"

"मोजे चालत्येत."

"मोज्यांत येत नाही."

"काय येत नाय?"

"इंग्रजी."

पहारेकऱ्यानं सरांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "बाबा," तो म्हणाला, "मला तर बूट घालून बी येत नाय."

टायवाला मुलगा आधी आत गेला. त्याची इंग्रजी बाहेरपर्यंत ऐकू येत होती, एकसारखी, कुठं श्वास नाही. थोड्या वेळात तो मॅडमना घेऊन बाहेरही आला. मॅडम डोळे चोळत होत्या. त्या साहेबांना काहीतरी म्हणाल्या, त्यातलं मला एवढंच कळलं, की आत अंधार होता. मग साहेबांनी ताईचं नाव पुकारलं.

ताईनं बूट काढून ढिगाच्या बाजूला जोडीनं लावले. सरांकडं एकदा बघितलं. सर म्हणाले, "जा बेटा. मी इथंच आहे." त्यांनी बूट काढले नाहीत. बूट काढलेले सर आम्ही कुणी कधी इंग्रजीच्या जवळपास पाहिलेलेच नव्हते. मी चपला फेकून, ताईच्या हातात बॅटरी देऊन तिच्या मागं आत गेलो.

आत पाऊल टाकलं की बाहेरच्या उन्हामुळं काही म्हणता काही दिसत नाही. ताई मधोमध उभी होती हे मला तिच्या पांढऱ्या साडीवरून कळलं. बाजूला मॅडमची टोपी. साहेब म्हणाले, "यस मिस, प्लीज स्टार्ट."

ताई बोलली नाही.

"मिस?"

कुठंतरी वर वटवाघूळ चिरकलं. ताई आपल्या पायांकडं बघत होती. तिला सगळं येत होतं, शेळीला येत होतं तितकं तरी नक्कीच, पण सुरुवात कुठून करायची ती जागाच सापडेना. मला वाटलं, आपण काही सुचवावं. पण मीही अनवाणीच होतो. मला मनातल्या मनात वैजापूरचं मार्केट यार्ड दिसायला लागलं, कांद्याच्या गोण्या आणि गोणीवर बसलेली ताई.

मी बाहेर धावलो. "सर, ताई गप्प झालीय."

सरांनी माझ्याकडं बघितलं, मग स्वतःच्या बुटांकडं. मग ते पायरीवर बसले आणि लेस सोडायला लागले. घाईत गाठ आणखीच पक्की झाली. पहारेकरी स्टुलावरून उतरला आणि त्यानं ती सोडवायला हातभार लावला. मोजेही काढले. सरांचे पाय मी पहिल्यांदा पाहिले. ऊन न लागलेले, गोरे, लहान बाळाच्या पावलांसारखे. बूट पहारेकऱ्याच्या हातात देऊन ते म्हणाले, "संभालना," आणि आत गेले.

आत जाऊन ते एक अक्षर बोलले नाहीत. बोलणार तरी कशात? टोपीही घरीच होती, आणि साहेबांसमोर मराठीत सुचवणं बरं नव्हतं. ते ताईला दिसेल असे एका खांबाजवळ गेले, खाली बसले आणि आपल्या रिकाम्या पायावर लेस बांधायला लागले. आधी उजवा. बोटं गोल फिरवून, फास करून, ओढून घट्ट. मग डावा.

ताई बघत राहिली. मग तीही पदर खोचून खाली बसली आणि अनवाणी पायावर तिनं नसलेली लेस हातात घेतली.

मॅडमना वाटलं, ही इथली रीत असावी. आपण परक्या मुलखात आहोत, देवाधर्माची जागा आहे, मान ठेवला पाहिजे. त्यांनी टोपी काखेत घेतली, झगा सावरला आणि त्याही खाली बसून पायाशी बोटं फिरवू लागल्या. पाहुणीच बसली म्हटल्यावर साहेब उभे कसे राहणार? तेही गुडघे मोडून बसले. दारातून पहारेकरी डोकावला आणि हलकेच म्हणाला, "काय हारवलं का?"

सगळे उठले. आणि तोवर डोळे अंधाराला सरावले होते. मघाशी जिथं नुसता काळोख होता, तिथं भिंतीतून कुणीतरी हळूहळू पुढं आल्यासारखं झालं. खाली झुकलेली नजर, हातात निळं कमळ, गळ्यातल्या मोत्यांचा एकेक मणी. मॅडमच्या तोंडून नुसतं "ओ" निघालं.

ताई हळू आवाजात म्हणाली, "यू हॅव सीन हिम. नाऊ, प्लीज, लुक अ‍ॅट हिम." मग थांबली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "अँड देन वॉच." आणि तिनं बॅटरीचा उजेड खालून वर असा सावकाश नेला, की त्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मला तर दूध वर येताना दिसल्यासारखं वाटलं. पुढं ताई काय काय बोलली ते मला आठवत नाही, पण एका चित्रापुढून दुसऱ्या चित्रापुढं जाताना ती दर वेळी खाली बसत होती आणि ते दोघंही निमूट बसत होते. सर खांबाला टेकून डोळे मिटून ऐकत होते. एकदाच डोळे न उघडता ते पुटपुटले, "साहेबाचा डावा राहिला."

बाहेर आल्यावर साहेबांनी गुडघे चोळत विचारलं, की ते खाली बसणं काय होतं? ताईच्या पायात आता बूट आले होते. ती म्हणाली, "इट इज अ कस्टम हिअर, सर." सरांनी समाधानानं मान हलवली. पहिलाच उल्लेख, 'अ' बरोबर होता.

नोकरी तिथल्या तिथं लागली. मॅडमनी सांगितलं म्हणे, की आज पहिल्यांदा कुणीतरी मला बघायला वेळ दिला.

परतीच्या एसटीत सर स्वतःहून सांगायला लागले. पोलीस अ‍ॅक्शननंतर कचेरीत बाहेरचा साहेब आला. उर्दूवाल्यांना ठेवायचं की नाही ते ठरवायला एकेकाला पुढं बोलवून इंग्रजीत विचारी, तू इथं कधीपासून आहेस? सरांची पाळी आली. इंग्रजी पुस्तकात वाचलेली, तोंडातून कधी काढलेली नव्हती. शब्द सगळे आत गोळा झालेले, पण रांगेत उभे राहीनात. "लाजेनं मान खाली घातली, तर बुटाची लेस सुटलेली दिसली. म्हटलं, चला, बहाना मिळाला. खाली बसलो. लेस बांधून वर आलो, तर वाक्य तयार. बुटात काही नव्हतं रे. खाली बसण्यात होतं." मग म्हणाले, "हे मला आज कळलं. एवढी वर्षं मीही बुटालाच सलाम करत होतो."

ही गोष्ट मी भारावून काकूंना सांगितली. काकू म्हणाल्या, "कंचे बूट? तवा यांच्याकडं बूट व्हतेच कुठं? चपला व्हत्या, त्या बी माझ्या भावाच्या."

सर शांतपणे म्हणाले, "मग चपलेचा पट्टा लावत असेन."

ताईनं गाईडची नोकरी भरपूर केली. वैजापूरचा मुलगा थांबायला तयार होता. मधल्या काळात तो दोनदा तिकीट काढून लेणी बघायला आला, आणि दोन्ही वेळा ताईनं त्याला अंधारात खाली बसवून लेस बांधायला लावल्या. दुसऱ्या वेळी वर उठताना त्यानं काहीतरी विचारलं, ताई हो म्हणाली. तो वैजापूर सोडून फर्दापूरला आला, तिथं त्यानं पाहुण्यांसाठी खानावळ काढली. तिच्यात कांद्याचे पदार्थ जरा जास्तच असत. मीही बारावी झालो. पेपराच्या वेळी बाकाखाली इतक्यांदा वाकलो, की पर्यवेक्षकांनी माझे दोन्ही बूट तपासले.

सर गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. क्लासचे बूट काकूंनी कुणाला दिले नाहीत. त्यांत कोथिंबीर लावली. एका बुटात चांगली आली, दुसऱ्यात नाही.

गेल्या हिवाळ्यात मी बायकोला घेऊन अजिंठ्याला गेलो. ताई केव्हाच निवृत्त झालेली. तिच्या काळातलं कुणीही आता तिथं नाही. आमच्या पुढं परदेशी पाहुण्यांचा एक मोठा घोळका होता आणि त्यांना एक तरुण गाईड घेऊन चालला होता. दारात सगळ्यांनी बूट काढले. आत पाऊल टाकताच गाईडनं हात वर करून त्यांना थांबवलं आणि गंभीर आवाजात सांगितलं, की इथं आधी खाली बसून दोन्ही पायांशी असा हात फिरवायचा असतो; ही इथली प्रथा आहे, भिक्षूंच्या काळापासूनची. इंग्रजीत त्यानं 'द कस्टम' म्हटलं. एवढ्या वर्षांत तिचा 'अ'चा 'द' झाला होता.

तो सगळा घोळका अंधारात खाली बसला. वीस-पंचवीस माणसं भक्तिभावानं आपापल्या अनवाणी पायांवर काहीच नसलेलं काहीतरी बांधत होती.

बायकोनं मला कोपरानं ढोसलं. "अहो, ही तर तुमची... सांगा की त्यांना."

मी सांगणारच होतो. वाक्यही इंग्रजीतच सांगायचं होतं, म्हणून आधी खाली बसलो. उजव्या पायाची लेस बांधली, चांगली घट्ट ओढली, आणि आता आपण काहीतरी महत्त्वाचं बोलणार या भरात उठून उभा राहिलो.

गाईड भिंतीकडं तोंड करून उभा होता. मागं न बघताच तो म्हणाला, "काका, डावा राहिला."